जुनं माप

ढब्बू मुलांना पोहायला शिकवायची. अर्धा दिवस पाण्यात, संध्याकाळी पळणं, ताटात चिमणीचा घास. तरी बाईंच्या अंगाला हवासुद्धा लागायची. ‘चोरून खात असशील,’ हे तिला मावशी सोडून सगळ्यांनी ऐकवलं होतं. टोपणनाव घरच्यांनीच ठेवलेलं, मग तक्रार तरी कुणाकडे करणार?

रक्तात चरबी, यकृतावर चरबी. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी भलताच प्रश्न विचारला.

“तुम्ही पोटात होता तेव्हा आई काय खायच्या?”

आईबद्दल ढब्बूला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. ती जन्मली आणि आठवड्याच्या आत आई गेली. बाबा तो विषय निघाला की उठून जात. घरात एक फोटो होता, त्यातही आई दुसऱ्या कुणाच्या तरी मागे उभी.

“बाळाला पोटात कमी मिळालं, की त्याचं शरीर काटकसर शिकतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पुढे भरपूर मिळालं तरी चरबी साठवत बसतं. तुमचं त्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. पण घरी विचारून बघा.”

खरं सांगायचं तर ढब्बूला यकृताची तेवढी पडली नव्हती. आपल्या चरबीत आईचं काही असेल, या विचारानंच तिला भरून आलं. माणूस कशाकशाला जीव लावतं!

ती तडक मावशीकडे गेली. मावशी भाजी चिरत होती. ढब्बूचा प्रश्न ऐकून तिनं सुरी खाली ठेवली, हात पुसले.

“उपाशी राहायची गं ती,” मावशी म्हणाली. “कपड्यांच्या कारखान्यात तुझी आई म्हणजेच माप. नवा नमुना शिवला की तिच्या अंगावर चढवून बघायचे. दर आठवड्याला मास्तर टेप लावणार, आकडा मोठ्यानं सांगणार, मालकीणबाई ऐकणार. कंबर वाढली की दुसरी मुलगी उभी. तुझ्या वेळेला दिवस राहिले आणि हिनं जेवण अर्ध्यावर आणलं. मी ओरडायचे. तर म्हणायची, अगं, आजही चोवीसच भरली, जमतंय मला! त्या हंगामात ढगळे कोट होते म्हणून निभावलं. खुशीत असायची वेडी.”

मास्तर अजून होते. डोळे अधू झालेले, कारखान्यामागच्या खोलीत बसून लोकांचे कपडे आल्टर करून द्यायचे. ढब्बू दारात उभी राहिली आणि तिनं तोंड उघडायच्या आत म्हातारा म्हणाला, “खांदे आईचे घेतलेस की गं.”

आपलं काही आईसारखं आहे, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. ती तिथेच खुर्चीत बसली.

मास्तरांची कळी खुलली. “तिचं गुपित मी पहिल्या महिन्यात ओळखलं. टेप लावली की श्वास रोखायची! मालकीणबाई समोर बसलेल्या. मी बिनदिक्कत ओरडलो, चोवीस! पुढे दर वेळी तेच. कंबर कुठल्या कुठे गेली, आपला आकडा जागचा हलला नाही. तिलाही ताकास तूर लागू दिली नाही.”

“तिला का नाही सांगितलं?”

“चेहऱ्यावर काही लपायचं नाही तिच्या. घाबरली असती. म्हटलं, नोकरी टिकली की पोरगी निवांत जेवेल.”

यांनी आकडा खोटा सांगितला तिनं खावं म्हणून, आणि तो खरा मानून ती आणखी उपाशी राहिली. ढब्बूला ओरडावंसं वाटलं. पण मास्तर कपाटातून कागदात गुंडाळलेलं काहीतरी मोठ्या मायेनं काढत होते.

“तिच्या शेवटच्या महिन्यासाठी शिवला होता. खऱ्या मापाचा, वर वाढीची जागा ठेवून. द्यायचा राहून गेला.”

निळा, साधा झगा. ढब्बूनं पडद्याआड जाऊन चढवला. आयुष्यभर कुठलाच कपडा तिला पहिल्या फटक्यात बसला नव्हता, हा बसला. खांद्यात बसला, कमरेत बसला. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले. इथे आपणच होतो. तिला आई हवी होती, आत्ता, या खोलीत, आणि ते काही केल्या होणार नव्हतं. तिनं झग्याच्या बाहीला डोळे पुसले.

ती बाहेर आली तेव्हा मास्तर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “जेवायची ना गं ती नीट?”

“पोटभर,” ढब्बू म्हणाली. “मावशी सांगते ना. दोघींचं जेवायची.”

म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला. सवयीनं त्यांनी गळ्यातली टेप काढली, तिच्या कमरेभोवती धरली. ढब्बूनं श्वास रोखला. टेपची टोकं कुठे जुळली ते दोघांनाही कळत होतं. मास्तरांनी मान वर केली आणि समोर कुणी बसलं असावं तसं खणखणीत आवाजात सांगितलं, “चोवीस!”

ढब्बूला हसू आलं आणि रडूही. तिनं श्वास सोडला. पोटात कावळे ओरडत होते, आजचे नव्हे, फार दिवसांचे.

“मास्तर,” ती म्हणाली, “काही खायला आहे का?”