घाम न येणारा गडी

"सर, मला टीमच्या भाईर काढा, हानायचं आसंल तर हाना, पन ग्यानोबाला आदी पानी द्या!"

"व्यंकट, कॅप्टन हायस म्हनून ऐकून घेतोय."

"ऐका की मग! त्याचा घाम बंद झालाय सर. हात लावून बगा, तापल्याला तवा बरा."

केरबा सरांनी हात लावला न्हाई. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत हासले, आन् सगळ्या टीमला ऐकू जाईल आसं म्हनले, "घाम न्हाई म्हनजे दम हाय! सकाळपसून पळवायलोय, गडी कोरडाठाक. बगा आन् शिका."

ग्यानोबा भिताडाला टेकून बसल्ता. तोंड लाल, व्हट पांढरे. त्यो बी हासला, पन जरा उशिरानं.

लातूर नवा जिल्हा झाल्ता, त्याची कबड्डीची पयली टीम आज निवडायची हुती. कॉलेजच्या ग्राऊंडवर नांदेडची टीम खेळायला आल्ती. निवडनारे महादेवप्पा साहेब मंडपात खुर्चीवर. दोन साल पावसानं तोंड दाखवलं न्हवतं. खेळाच्या आदी ग्राऊंडवर पानी मारायचं आस्तंय, पन आवंदा होस्टेलच्या पोरास्नीच रोज एक बादली. त्यात आंगूळ, त्यातच पेनं. ग्राऊंड पार दगड. पोरं पडली की कातडं तिथंच ऱ्हायचं.

केरबा सर पयले आसे न्हवते. लई नरम मानूस. लातूर उस्मानाबादेत हुतं तवा यादी तिकडं व्हायची. मागच्या खेपंला सरांची तीन पोरं यादीतून उडवली. सर दिसभर हापिसाच्या भाईर बाकड्यावर बसले आन् "त्यांना आपल्यापक्षी जास्त कळतंय" म्हनून माघारी आले. घरी बायकोनं, तारामतीबाईनं, ताट वाढता वाढता नुसतं येवढं म्हनलं, "तुमी मान खाली घातली की त्या पोरांची बी खाली जाती."

ती गोष्ट सरांच्या काळजात काट्यावानी रुतून बसली. तवापसून सर कुनापुढं वाकले न्हाईत. वाकले न्हाईत ते ठीक, पन ऐकायचं बी बंद केलं.

खेळताना पानी पिलं की पोट जड होतंय, गडी सुस्तावतोय, हे सरांना त्यांच्या सरांनी सांगितल्यालं. आदी कुनी चोरून घोटभर पिलं तर सर दुसरीकडं बगायचे. आवंदा त्यांनी माठच खोलीत ठिवून कुलूप घातलं.

दोनाच्या उन्हात खेळ सुरू झाला. ग्यानोबानं पयल्याच चढाईत नांदेडचे दोन गडी मारले. लोकांनी टोप्या उडवल्या. महादेवप्पांनी कागदावर काय तरी लिवलं. सरांची छाती हे येवढी.

मधल्या सुट्टीत नांदेडचे सर स्वता लोटा घिऊन आले. "तुमच्या त्या पोराला पाजा. डोळे बगा त्याचे."

केरबा सर म्हनले, "आमची पोरं तसली नाजूक न्हाईत."

नांदेडचे सर लोटा तसाच धरून माघारी गेले. व्यंकट दात खाऊन बगत हुता. ग्यानोबाच्या दंडावर शहारे आल्ते. आसल्या उन्हात शहारे!

परत खेळ लागला. ग्यानोबा चढाईला उठला, कबड्डी कबड्डी म्हनत मधल्या रेघंपसी गेला, आन् तिथंच फिरला. फिरून आपल्याच पोरांवर चालून आला. समदं ग्राऊंड खदाखदा हासलं. कुनी तरी वरडलं, "आरं, नांदेड तिकडं न्हाई, हिकडं हाय!" सर बी आर्धं हासले.

ग्यानोबानं व्यंकटचा हात धरला. कबड्डी म्हनायचं थांबलं. बारक्या लेकरावानी म्हनला, "आय, दार लाव ना. लई ऊन यायलंय."

आन् उभाच्या उभा खाली आला. डोस्कं दगडावर आपटल्याचा आवाज मंडपापस्तोर गेला.

आता सरांनी हात लावला. लावला तसा झटक्यानं मागं घेतला. मग पोराला खांद्यावर घेतलं, नांदेडच्या पोरांचा माठ त्याच्या आंगावर उलटा केला, त्वांडात पानी घालाय गेले, तर दातखीळ बसल्याली. एक टिपूस आत गेला न्हाई.

दवाखान्यात डाक्टरनं वल्या चादरी गुंडाळल्या, बर्फ मागवलं. म्हनला, "सांजच्यापस्तोर काय सांगता येत न्हाई. आईबापाला बोलवा." बाप न्हवताच. आय सरजाबाई औशाला.

महादेवप्पा मागून जीपगाडीनं आले. सरांच्या खांद्यावर हात ठिवला. "केरबा सर, दुष्काळ हाय. ऊन लागलं म्हना. कोन इचारतंय? पोराचं नाव मी यादीत घेतलंय. तुमचं बी नाव झालंय आज. कशाला घालवताव?"

व्यंकटला वाटलं, सर आता हो म्हनून मान हलवनार. त्याच्या मुठी आवळल्या.

सरांची मान खाली गेली. मग त्यांनी ती वर केली.

"साहेब, ऊन चौदा पोरास्नी लागलं, पडला ह्यो एकलाच. ह्याच्यासाठी पानी मागितलं, म्या दिलं न्हाई. ह्या व्यंकटनं समद्यांच्यादेखत सांगितलं, नांदेडच्या सरांनी लोटा आनून दिला. तरी बी न्हाई."

"आहो, हे भाईर बोलू नका. नोकरी जाईल."

"जाऊ द्या." सर डाक्टरकडं वळले. "कागदावर लिवा डाक्टर. सकाळपसून पानी न्हाई. मी केरबा, ह्याचा सर, मी दिलं न्हाई."

डाक्टरनं एकदा सरांकडं बगितलं आन् लिवलं. महादेवप्पा पायतानं वाजवत निघून गेले.

सर व्यंकटजवळ आले. "तू आत त्याच्यापसी बस. त्याचा हात सोडू नगो. हात गार पडला तर वरड. माझ्यावर वरडलास ना, त्याच्याहून जोरात वरड."

"तुमी कुठं निघालाव?"

"औशाला. सरजाबाईला आनाय."

"एकलेच? तिचे भाऊ लई तापट हायत सर. सोडायचे न्हाईत तुमाला."

"ठावं हाय."

"मंग काय सांगताव तिला?"

सरांनी त्वांड उघडलं, तेवढ्यात आतली सिस्टर पळत आली, डाक्टरला हाताला धरून वडत आत घिऊन गेली. ग्यानोबाच्या खाटंपुढचा पडदा हालत ऱ्हायला.

"सर," व्यंकटचा आवाज फाटला, "काय झालं? ती कशाला पळाली?"

सरांची नजर पडद्यावर. पाय दाराकडं.

"आत जा तू. हात धर त्याचा. औशाची गाडी सुटंल, मला आता निघावं लागतंय. कागदावर लिवलं, तेच तिला सांगनार."