वीतभर आधी

गाडी मागे घ्यायची म्हटली की अण्णा आणि माईंचा एक ठरलेला खेळ होता. माई मागे उभ्या राहून "या, या, या" म्हणायच्या आणि भिंत चांगली वीतभर लांब असतानाच "थांबा!" म्हणून ओरडायच्या. अण्णांना हे ठाऊक होतं, म्हणून ते ती वीत आणखी मागे जायचे. ते तसे जाणार हे माईंना ठाऊक होतं, म्हणून त्या आधी ओरडायच्या. हे एकमेकांना त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. सगळा संसारच असा दोन्हीकडून हातचं राखून चालला होता, आणि त्यांच्या पिटुकल्या गाडीला आजवर ओरखडासुद्धा आला नव्हता. त्यामुळे आपण उत्तम गाडी चालवतो, असं अण्णांचं मत होतं. दुसऱ्या कोणाचं मत विचारायची त्यांना गरज वाटली नव्हती.

हा खेळ फसला तो एकदाच, आणि तेव्हा गाडी नव्हती, जेवणाचं टेबल होतं. एकुलता एक मुलगा, सहा फूट उंच झाला तरी घरात छोट्याच, ऑफिसातली नोकरी सोडून सुतारकामाचं दुकान काढतो म्हणाला. अण्णा बोलायला लागले आणि बोलतच राहिले. माई म्हणाल्या, "अहो, पुरे आता." अण्णा सवयीप्रमाणे थोडे आणखी पुढे गेले. "लाकडंच तासायची असतील तर या घरात राहून नको," असं ते थोडं होतं. छोट्या ताटावरून उठला, हात धुतले आणि गेला. पुढे त्याचं दुकान चाललं, लग्न झालं, फोनही यायचे, पण ते आईला. अण्णांची चौकशी तो "आणि बाकी सगळे?" अशी करायचा. बाकी सगळे म्हणजे एकटे अण्णा, शेजारच्या खोलीत, टीव्हीचा आवाज बारीक करून बसलेले.

चार वर्षांनी एका शनिवारी असाच फोन आला. छोट्या भाड्याच्या जागेतून स्वतःच्या घरात जाणार होता. मोठा ट्रक ठरवला होता, पण चालवणाऱ्याची कंबर धरली आणि उद्याला दुसरा कोणी मिळेना. छोट्याला चालवता येत नव्हतं. कॉलेजात असताना अण्णा त्याला गाडी शिकवायला एकदाच शेजारी बसले होते. त्या दिवसानंतर पोरानं स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"बाबांना विचारू का?" माई म्हणाल्या.

फोनच्या स्पीकरवरून छोट्याचा आवाज आला, "एवढा मोठा ट्रक जमेल त्यांना?"

"सांग, जमेल म्हणून!" आतल्या खोलीतून अण्णा ओरडले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माई म्हणाल्या, "एक मागू? उद्या मी थांबा म्हटलं की थांबायचं. गाडीतही आणि बोलण्यातही."

"दिला शब्द," अण्णा म्हणाले. तो मनापासून दिला होता, हे इथे सांगायला हवं. कारण पुढचं ऐकून त्यांच्याविषयी वाईट मत होणं सोपं आहे.

सकाळी ट्रक पाहिला आणि अण्णांनी आधी त्याच्याभोवती एक फेरी मारली. साध्या परवान्यावर चालवता येतो त्यातला तो सगळ्यांत मोठा होता. वर चढायलाच दोन पायऱ्या, आणि मागे पाहायचा आतला आरसा नुसता नावाला, त्यात दिसायची ती सामानाच्या पेटाऱ्याची भिंत. ट्रक भाड्यानं देणाऱ्याच्या आवारातल्या माणसानं त्यांना आधी मोकळ्या जागेत चार चकरा मारायला लावल्या.

"काका, भरलेला ट्रक लवकर थांबत नाही. पुढच्यापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. वळताना रुंद घ्या, नाहीतर मागचं चाक फुटपाथावर चढतं. उंची इथे समोर लिहिलीय, पुलाखाली जायच्या आधी वाचा. आणि मागे घेताना बाजूच्या आरशात दिसेल असा एक माणूस मागे उभा करा. तो दिसेनासा झाला, थांबा. तो थांब म्हणाला, थांबा. तिथे डोकं चालवायचं नाही."

"ते आमचं ठरलंय," अण्णा म्हणाले आणि माईंकडे पाहून हसले.

भाड्याच्या जागेपाशी छोट्या दारातच उभा होता. केसांत एखाददुसरी पांढरी बट दिसत होती. "या," एवढंच तो म्हणाला, पण अण्णांना तेही पुष्कळ वाटलं. सामान त्यानंच रचलं. जड कपाटं आणि यंत्रं पुढे, चालकाच्या पाठीशी, हलकं मागे, मध्ये घोंगड्या आणि सगळ्यांवरून आवळलेले पट्टे. एका कपाटाचं तोंड अण्णांना उलटं वाटलं. त्यांनी तोंड उघडलं, माईंनी नुसतं पाहिलं, आणि अण्णांनी तोंड मिटलं. त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. शिवाय नंतर लक्षात आलं की कपाट बरोबरच होतं, दारं उघडू नयेत म्हणून ते तसं ठेवलं होतं.

सून स्कूटरवरून पुढे गेली. पुढच्या सीटवर तिघं बसले, माई मध्ये. रस्ताभर अण्णांनी ताकही फुंकून प्यावं तसा ट्रक चालवला. मागचे भोंगे वाजवत होते, त्यांना वाजवू दिलं. एका पुलाशी उंचीची पाटी पाहून "जाईल की," असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. माई म्हणाल्या, "थांबा." अण्णा थांबले, पाटी पुन्हा वाचली आणि लांबचा रस्ता धरला.

थोड्या वेळानं खिडकीबाहेर पाहत छोट्या म्हणाला, "चांगला चालवताय, बाबा."

अण्णांनी वेग आणखी कमी केला. दुप्पट अंतर ठेवलं होतं म्हणून बरं, कारण समोरचा रस्ता क्षणभर धूसर झाला होता. आता हा माणूस आपल्याला घरात या म्हणेल, बसा म्हणेल, इतकाच त्यांचा हिशोब होता. त्याच्यापुढे त्यांना काही नको होतं.

नवं घर बोळाच्या टोकाला होतं आणि ट्रक थेट दाराशी मागे न्यायचा होता. छोट्या आत दाराची दुसरी फळी काढायला गेला. माई उतरून मागे गेल्या. तिथे सून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली आणि माईंनी पदरानं डोळे टिपले, एवढं अण्णांना आरशात दिसलं. मग माईंनी हात वर केला. "या. या. सरळ या. या..."

बोळ अरुंद होता. तरी ट्रक रेषेत जात होता. "या... थांबा!"

खरं तर त्यांना थांबायचंच होतं. पण त्यांच्या पायानं विचारलंच नाही. इतकी वर्षं तो पाय त्या शब्दानंतर वीतभर मागे जायचं शिकला होता. तो गेला.

आधी माईंची किंकाळी आली आणि तिच्यापाठोपाठ लाकूड मोडल्याचा आवाज. अण्णा कसेबसे पायऱ्या उतरून मागे धावले. माई धडधाकट होत्या, बाजूला उभ्या होत्या. दाराशेजारच्या भिंतीला लागून एक बाक होता, त्याचा एक पाय तुटला होता आणि बसायची फळी मधोमध चिरली होती. बाक नवाकोरा होता, पॉलिशचा वास अजून येत होता.

छोट्या बाहेर आला. त्यानं चिरलेल्या फळीवरून हात फिरवला. दुकानात बिघडलेल्या कामावरून फिरवत असेल तसाच.

"तुमच्या दोघांसाठी केला होता," सून हळूच म्हणाली. "बाबांचे गुडघे दुखतात ना, म्हणून ह्यांनी मुद्दाम उंच केला."

अण्णांच्या ओठांवर माफी आली होती. खरंच आली होती. पण बाहेर पडलं ते वेगळंच. "मग सामान उतरायच्या दिवशी तो इथे कशाला ठेवायचा? एवढी अक्कल..."

"अहो, पुरे," माई म्हणाल्या.

या वेळी अण्णा थांबले. शब्द ऐकला तिथेच, अर्ध्या वाक्यात थांबले. पण जायचं ते गेलं होतं. छोट्याचा चेहरा बंद झाला, चार वर्षांपूर्वी झाला होता तसाच. "असू दे," तो म्हणाला. त्यानं बाक उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवला आणि पट्टे सोडायला लागला.

दुपारभर सामान उतरलं. अण्णांनी मिळेल ते उचललं, नको म्हटलेलंही उचललं. शेवटचं खोकं आत गेलं तेव्हा सुनेनं चहा विचारला. छोट्या म्हणाला, "त्यांना ट्रक वेळेत परत द्यायचाय." मग आईला जवळ घेतलं, आणि अण्णांना म्हणाला, "थँक्यू हं. सांभाळून जा." परक्या चालकाला म्हणतात तसं, नीट, सभ्यपणे. त्यापेक्षा तो ओरडला असता तर अण्णांना बरं वाटलं असतं.

परतीच्या वाटेवर रिकामा पेटारा प्रत्येक खड्ड्यात खडखडत होता. अण्णा म्हणाले, "तू नेहमी आधी म्हणतेस गं. मला वाटलं, अजून वीतभर आहे."

"नेहमी म्हणते," माई समोर पाहत म्हणाल्या. "आज नाही म्हटलं. आज तुम्ही शब्द दिला होता. म्हटलं, खरं सांगावं. जिथे थांबायचं, तिथेच सांगितलं मी."

माईंचा आवाज नेहमीसारखाच होता. राग नव्हता. चूक आपली झाली, आपण विश्वास ठेवला, असं जणू त्या म्हणत होत्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असं लोक सहज म्हणतात. ज्याचा पीळ असतो त्याला त्या दिवशी काय वाटतं, ते कोणी विचारत नाही. त्या दिवशी अण्णांना आपली सबंध हयात परत मागावी असं वाटलं.

आवारात ट्रक पुन्हा भिंतीशी लावायचा होता. माई न सांगता उतरल्या आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या. "या. या. या... थांबा."

अण्णा त्या शब्दावर थांबले. केसभरही मागे गेले नाहीत. हँडब्रेक ओढला, उतरले आणि मागे येऊन पाहिलं.

भिंत अजून चांगली वीतभर लांब होती.