बालवाडीत खेळणी नकोत

छप्पन साली राज्यांची वाटणी झाली तेव्हा कचेऱ्या वाटल्या, कारकून वाटले, टेबलखुर्च्यासुद्धा वाटल्या. कुत्र्यांचा विचार कुणी केला नाही. बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. कचेऱ्यांतल्या मराठी साहेबांची बायकामुलं नागपूरच्या बाजूला आपापल्या माणसांत निघून गेली, साहेब मागे एकटे उरले. दिवसभर बंद घरात त्यांची कुत्री रडायची आणि शेजारी शिव्या द्यायचे. मग कुणी एक साहेब कचेरीत जाता जाता आपलं कुत्रं शनवारा मोहल्ल्यात रजनीच्या अंगणात सोडून गेले. तिचा नवरा दिगंबर इथे जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता, त्यामुळे घर सगळ्यांना ठाऊक. एकाचं बघून दुसरे आले. गल्लीनं लगेच नाव ठेवलं, कुत्र्यांची बालवाडी. रजनीला त्याचं हसू आलं नाही, रागही आला नाही. हल्ली तिला फारसं काही वाटतच नसे.

दिगंबर वाटणीत मुंबई राज्याकडे गेला होता, अकोल्याला. क्वार्टर मिळालं की बोलावतो, असं सांगून गेला. सुरुवातीला पत्रं आली, मग ती थांबली. अकोला काही विलायतेत नव्हतं, सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी येऊ शकला असता. सासूबाई गोदाबाई रोज म्हणायच्या, आज-उद्या बोलावील. रजनी मान हलवायची आणि ताटातली भाकरी तशीच झाकून ठेवायची.

बालवाडी म्हटल्यावर खेळणी आलीच. साहेब लोक मुलांची मागे राहिलेली खेळणी घेऊन यायचे. पहिल्याच आठवड्यात एका रबरी चेंडूवरून कुत्री भिडली, एकाचा कान फाटला. रजनीनं सगळी खेळणी गोळा करून माळ्यावर टाकली. गोदाबाईंना ते पटलं नाही. मुक्या जिवाला दिवसभर करमायचं कसं, असं त्यांचं म्हणणं. रजनीनं वाद घातला नाही आणि खेळणीही काढली नाहीत.

अपवाद फक्त राजाचा. राजा म्हणजे श्रीकांतराव साहेबांचा तांबडा कुत्रा. त्यांच्या मुलीची चिंध्यांची बाहुली तो तोंडात धरूनच यायचा. दुसरं कुठलं कुत्रं तिला हुंगतही नसे, म्हणून तिच्यावरून भांडण नव्हतं. पण राजा बाहुलीवर हनुवटी टेकून फाटकाकडे तोंड करून पडायचा. साहेब येईपर्यंत पोटात काही घ्यायचा नाही. काढून घ्यावी की राहू द्यावी, हे रजनीला ठरवता येईना. त्याला तसं पडलेलं बघितलं की ती तोंड फिरवून कामाला लागायची.

थंडी सरता सरता श्रीकांतराव आले ते बदलीचा हुकूम घेऊन. भोपाळला जायचं होतं, तिथे एका खोलीत तिघं साहेब लोक राहणार होते. राजाला काही दिवस इथेच, रात्रीचंही ठेवाल का, असं त्यांनी विचारलं.

"क्वार्टर मिळालं की बोलावतो त्याला," ते म्हणाले. "बाहुली राहू द्या त्याच्याजवळ. तेवढाच आधार."

रजनीनं वाकून बाहुली उचलली आणि त्यांच्या हातात दिली.

"कुत्रा ठेवते. ही घेऊन जा."

"अहो, तिच्याशिवाय तो राहायचा नाही."

"हिच्यामुळेच तो वाट बघतो, साहेब. तुम्ही येणार असाल तर खुशाल ठेवा."

श्रीकांतरावांनी बाहुली पिशवीत घातली आणि राजाच्या डोक्यावरून हात न फिरवताच ते गेले.

राजानं दोन दिवस अंगण उकरलं, फाटक ओरबाडलं. गोदाबाई रजनीला दगड म्हणाल्या, आणि रजनीलाही ते खरं वाटलं. तिसऱ्या दुपारी तो उठला, ताटलीपाशी आला आणि दूधभाकरी चाटूनपुसून खाऊन निंबाच्या सावलीत आडवा झाला. फाटकाकडे त्याची पाठ होती.

गोदाबाई ओट्यावरून बघत होत्या. मग आत जाऊन ताट वाढून घेऊन आल्या आणि रजनीपुढे ठेवलं.

"जेव वो माय आता," त्या म्हणाल्या. "दिगंबर नाही बोलावत तुले. मले कवाचंच मालूम हाय."

रजनीनं ताट जवळ ओढलं. भाकरी गरम होती. ती जेवली.