रिकाम्या जात्याची घरघर

“ह्याच्या तोंडात घास टाकल्याबिगर खुंटा धरायचा न्हाई. रिकामं फिरवलं की दगडच दगडाला खातो.”

मला घडवणारे पाथरवट सावळेराम जेलरला एवढं बजावून गेले. मित्रांनो, मी जुन्नरच्या बाजूच्या एका बंद पडलेल्या तुरुंगातलं जुनं जातं आहे. घरोघरीच्या माझ्या भावंडांपाशी बायका ओव्या म्हणत. माझ्यापाशी कुणी ओवी म्हटली की पाठीवर काठी बसे. कैदी बाया मला शिव्या देत बाजरी दळत. त्यांचा राग मला कधी खोटा वाटला नाही. त्यांची शिक्षा मीच तर होतं. लंकाबाई नावाची एक कैदीण अंगात ताप असताना दळता दळता माझ्यावर कोसळली, ती पुन्हा उठलीच नाही.

पुढे तुरुंग बंद झाला. शेळ्या माझ्यावर पाय देऊन भिंतीवरचा पाला ओरबाडू लागल्या. लंकाबाईची नातसून प्रयागबाई तेवढी श्रावणी सोमवारी यायची, मला पुसून हळदकुंकू वाहायची, मूठभर बाजरी घालायची. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत तिचं मौन असे. नात हर्षालीला चांगलं सासर मिळावं म्हणून धरलेलं व्रत होतं ते.

गेल्या श्रावणात, एका सोमवारी, भुतं शोधणारी मंडळी आली. ऋषी त्यांचा म्होरक्या. तेजस्विनी स्वतःचा कॅमेरा घेऊन चित्रण करणारी. गावातला गेणभाऊ त्यांना वाट दाखवायला आला आणि लंकाबाईची गोष्ट तिखटमीठ लावून सांगून मोकळा झाला. ऋषीने लाल दिव्याचं एक यंत्र माझ्याजवळ मांडलं आणि खुंटा धरून मला रिकामंच गरगरा फिरवलं. दगडावर दगड करकरला.

“ऐका, कैदी बाईचं रडणं!” तो म्हणाला.

रडणं कसलं? संताप होता तो माझा!

तेवढ्यात प्रयागबाई आली. तिनं धावत येऊन खुंटा घट्ट धरला.

“कोण आहेस तू? बोल!” ऋषी ओरडला.

तिनं ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले.

“बघा, तोंड शिवल्याची खूण! लंकाबाईच शिरलीय हिच्या अंगात!”

गेणभाऊला तिचं व्रत चांगलं ठाऊक होतं. पण शेताच्या बांधावरून त्याचं तिच्या घराशी वैर, आणि हर्षालीची सोयरीक नुकतीच येडगावला ठरलेली. तो खिदळला, “राव, येडगावच्या पावण्यांनाबी कळू द्या, कसल्या घरची पोरगी करत्यात!” आणि आपल्या मोबाइलवर काढलेलं चित्रण त्यानं तिथूनच हर्षालीच्या होणाऱ्या सासरी पाठवून दिलं.

प्रयागबाईनं डोळे मिटले, महादेवाला हात जोडले आणि तोंड उघडलं.

“मी प्रयागबाई. जित्ती हाय, शुद्धीत हाय. सोमवार व्हता म्हनून गप व्हते. आज तुमी त्यो मोडायला लावला. गेणभाऊ, बांधाचं भांडण बांधावर कर की! पोरीच्या लग्नात कशापायी आनतोस?”

“मंग आधीच बोलायचं व्हतं,” गेणभाऊ पाठ फिरवून म्हणाला.

ऋषी तेजस्विनीला म्हणाला, “हे बोलणं काढून टाक. ती गप्प होती तेवढंच ठेव.”

“नाही काढणार,” ती म्हणाली. “मावशी, मी आजच येडगावला जाते. तुमचं बोलणं त्यांना सगळं दाखवते. शब्द देते तुम्हाला.”

“मग गाडीत जागा नाही तुला,” ऋषी फिस्कारला.

मित्रांनो, जुन्या जागा बघायला जरूर या. पण मुकी वस्तू दिसली, गप्प माणूस दिसलं, की त्याच्या तोंडी आपल्या मनातली भुतं घालू नका. या तुरुंगात मेलेल्यांनी कुणाला छळलं नाही. छळलं ते जिवंत माणसांनीच.

गाडी चिखल उडवत निघून गेली. तेजस्विनीनं कॅमेरा ओढणीत गुंडाळला, प्रयागबाईच्या पाया पडली आणि येडगावची एसटी धरायला थांब्याकडे चालू लागली.