दोन जीबीचं कार्ड आणि दुपारची झोप

कर्रर्र... खट्!

दुपारचं घर निवांत पडलं होतं आणि त्या शांततेत हा आवाज झाला. टेबलाशी बसलेली सौदामिनी दचकली. माउसवरचा हात उचलून तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. दाराचा पडदा हलला. चार वर्षांचा यज्ञेश डोळे चोळत बाहेर आला. झालं! तिची कामाची दुपार संपली.

मित्रांनो, तो आवाज माझा होता. मी आहे एक जुनं ग्राफिक्स कार्ड. संगणकाच्या पडद्यावर जे चित्र हलतं, फिरतं, ते भराभर रंगवत राहणं हे माझं काम. लातूरच्या या घरात एका काळ्या डब्यात मी आडवा बसलेला असतो. माझ्या अंगावर एक पंखा आहे. काम वाढलं की मी तापतो, मी तापलो की तो ओरडतो, आणि तो ओरडला की लेकरू उठतं. मग मला कुठं तोंड लपवावं ते कळत नाही.

पूर्वी असं नव्हतं हो. दूर देशातल्या कारखान्यात मी घडलो आणि नांदेडच्या एका गेम पार्लरमध्ये येऊन पडलो. काय रुबाब होता तेव्हा! शाळा सुटली की पोरं धावत यायची आणि माझ्याच मशीनसाठी भांडायची. "ह्याच्यावर गाडी अडकत न्हाई. उठ तू, माझा नंबर हाय!" मग माझ्याहून ताकदीची कार्डं आली आणि मी वायरींच्या गुंत्यात, एका खणात जाऊन पडलो. तिथून मला सौदामिनीच्या धाकट्या भावानं, रेणुकादासनं, उचललं आणि बहिणीकडे आणून बसवलं.

सौदामिनी इंजिनिअर. यज्ञेश झाल्यावर तिची नोकरी सुटली. आता तो दुपारी झोपला की ती लोकांच्या व्हायच्या घरांची चित्रं करते. वीट रचली जाण्याआधी घर पडद्यावर उभं राहतं, त्यात फिरूनसुद्धा येता येतं. निलंग्याच्या ईश्वरप्पांचं घर हे तिचं पहिलं मोठं काम. पसंत पडलं तर त्यांचा ठेकेदार पुढची घरंही तिच्याकडेच देणार होता. नाही पडलं तर त्याला शहरातलं एखादं मोठं ऑफिस होतंच.

पण दुपारच मिळेना, तर काम व्हावं कधी? तिनं भावाला फोन लावला.

"दास, तुझं कार्ड पोराला झोपू देत नाही बघ."

"काय सांगून राहिलीस ताई! दुसरं देतो की आणून. बिनपंख्याचं. अन् चार जीबीचं हाय, तुझं दोनचंच. डबल!"

ते कार्ड पाहुणा म्हणून घरात आलं. तोही माझ्यासारखाच जुना. आम्हा दोघांना टेबलावर शेजारी शेजारी ठेवून सौदामिनी इंटरनेटवर आमच्या कुंडल्या जुळवत बसली. त्याची मेमरी चार जीबी, माझी दोन. पण त्याची जुन्या, संथ जातीची, माझी जलद. त्याचा रस्ता चौसष्ट बिटांचा, माझा एकशे अठ्ठावीस. माझ्यातून सेकंदाला ऐंशी जीबी माहिती ये-जा करते, त्याच्यातून जेमतेम चौदा. म्हणजे कणगी मोठी, पण तोंड चिंचोळं! उलट मला विजेची वेगळी वायर लागते, त्याला नाही. तो गप्प, मी कटकट्या.

"अरे, पळतं हे आधीचंच जास्त," ती फोनवर म्हणाली.

"पळू दे ना! तुला शर्यत लावायचीय का पोरगं झोपवायचंय?"

ती हसली. तिनं मला काढलं आणि त्याला बसवलं. मी खिडकीत, जुन्या वर्तमानपत्रावर.  पाहुण्यानं घराचं समोरून दिसणारं उभं चित्र मात्र झकास दाखवलं. यज्ञेश गाढ झोपला. सौदामिनीनं एकदा आत जाऊन त्याच्या कपाळावरचे केस बाजूला केले, पुन्हा येऊन बसली, आणि घर पुरं झालं. आत फिरून बघायचं तेवढं राहून गेलं.

ईश्वरप्पा आणि त्यांची बायको दानम्मा चारला यायचे होते. ते दोनलाच दारात.

"यष्टी लवकर गावली," ईश्वरप्पा म्हणाले.

"हळू बोला हो, लेकरू झोपलंय," सौदामिनी कुजबुजली. मग सगळेच कुजबुजू लागले.

उभं चित्र दोघांना आवडलं. दानम्मा पुढं सरकल्या. "उंबऱ्यात हुबं राहिलं की देवघर दिसतंय का, तेवढं दावा बाई."

सौदामिनीनं पडद्यावरच्या घरात पाऊल टाकलं आणि चित्र थिजलं. दार अर्धं उघडं, भिंत अर्धी पांढरी.

"काम बंद पडलं का वो बाई?" ईश्वरप्पा म्हणाले. "अजून तर पायाबी खांदला न्हाई!"

"गप बसा तुमी," दानम्मा म्हणाल्या. मग स्वतःच पुटपुटल्या, "दार उघडंस्तोवर देव उठून जाईल की."

 सौदामिनीनं आतल्या दाराच्या पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीत माझ्याकडे. त्या दोघांपुढं चहा ठेवला, संगणक बंद केला आणि मला हातात घेतलं. आज पहिल्यांदाच कुणी माझ्या पंख्यात डोकावलं. रंगाच्या ब्रशनं तिनं धुळीचा गोळाच्या गोळा बाहेर काढला. मला खाचेत बसवलं, स्क्रू आवळला, वायर जोडली.

मी धावलो, मित्रांनो! दार उघडलं, उंबरा ओलांडला, बैठक मागं पडली आणि समोर देवघर आलं. दानम्मांचा हात आपसूक डोक्यावरच्या पदराकडे गेला.

"दिसतंय गं माय," त्या म्हणाल्या. "हेच करा. आमचं ठरलं."

पंखा पूर्वीइतका ओरडत नव्हता, पण गप्पही नव्हता. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर त्याचे आकडे खुशाल ताडून बघा. पण कधीतरी त्याची धूळही झटका. आम्ही उगाच ओरडत नाही. काम झेपेनासं झालं की ओरडतो, आणि तेव्हा आमच्याकडे कुणी पाहत नाही.

आतल्या दाराचा पडदा हललाच. यज्ञेश येऊन आईच्या गुडघ्याला टेकला.

"उठलास व्हय राजा?" दानम्मा म्हणाल्या. "निज की अजून."

"मला झोप नव्हतीच आली," तो म्हणाला. मग पडद्यावरच्या घराकडे बघत, आईचा हात धरून त्यानं विचारलं, "आई, मला झोप येते म्हणून झोपवतेस, का तुला काम असतं म्हणून?"