बोटभर ढील

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे आणि मला भयंकर राग आला आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळे पुसतात, असे तुम्ही वाचले असेल. मला रडायचे नाही. मला भांडायचे आहे.

माझा जन्म कोयनानगरचा. धरणाच्या कामावर नानासो नावाचा एक तरुण फिटर होता. सदुसष्ट सालच्या डिसेंबरात तिथे मोठा भूकंप झाला. नानासोच्या घराची चौकट तिरकी झाली आणि दाराची कडी कोयंड्यात आवळून बसली. पडवीत झोपलेली माणसे वाचली. आत त्याची धाकटी बहीण होती. ती आतून कडी ओढत होती, हा बाहेरून दाराला खांदा देत होता. कडी सुटली नाही. मग भिंत कोसळली.

पुढे नवे घर बांधले तेव्हा नानासोने बाजारातून कडी आणलीच नाही. लोखंडी पट्टीचा तुकडा तापवून त्याने मला स्वतः घडवले. कोयंड्यावर बसणारी माझी खाच त्याने बोटभर जास्त रुंद ठेवली. चौकट हलली, वाकली, तरी कडी लहान लेकरालाही उचलता आली पाहिजे, म्हणून.

पन्नासहून जास्त वर्षे मी ते काम केले. कोयनेला जमिनीचे गुरगुरणे काही नवीन नाही. गुरगुर झाली की घरातले कोणीतरी माझ्याकडे धावे, मी झटक्यात सुटे आणि सगळे अंगणात पोचत. माझे कौतुक एकदाच झाले. नानासोच्या बायकोने दिवाळीत मला तेल लावताना म्हटले होते, "गुणाची हाय गं बाई तू." ती गेली. त्यानंतर माझ्याविषयी घरात एकच वाक्य ऐकू येई: वारा सुटला की ही लय वाजते.

वाजणारच! ढील ठेवली आहे, तर वाजणारच!

नानासोचा मुलगा दिग्विजय याने यंदा घराच्या दोन खोल्या पर्यटकांसाठी सजवल्या. मागचे दार बुजवून तिथे पाहुण्यांचे न्हाणीघर केले. मग त्याची नजर माझ्यावर पडली. मलकापूरहून तो चकचकीत हँडल-लॉकचा सेट घेऊन आला. दाराचे माप? ते कोणी घेतले होते!

जोतीराम सुताराने सेट दाराला लावून पाहिला आणि खाली ठेवला. "दादा, ह्यो पातळ दाराचा सेट हाय. तुमचं दार दोन इंची. दोन हँडलांमधली सळई आखूड पडतीया, अन् चौकटीतली पट्टी लॉकच्या जिभंसमोर येत न्हाई. बदलून आना."

"आता कोण जातंय परत? दार कोरा की आतनं."

"कोरलं तर दार कमजोर हुईल. अन् जीभ आवळून बसंल. मी न्हाई हात लावायचा." जोतीराम आपली पटाशी घेऊन निघून गेला. त्या माणसाला माझा नमस्कार.

दिग्विजयने शेजारचे ड्रिल मशीन आणले. माझा कोयंडा चौकटीत आरपार ठोकलेला होता, तो निघेना. तेव्हा त्याने तो कटरने कापला. ठिणग्या उडाल्या. जे लोखंड एवढ्या धक्क्यांना पुरून उरले, ते त्याने चहा निवायच्या आत कापले! मग दार पोखरले, पट्टी तिरकीच ठोकली. लॉक लागेना, म्हणून दार वर उचलून आपटायचे ठरले.

पण मित्रांनो, माझा राग एकट्या दिग्विजयवर नाही. नानासो समोर बाजेवर बसून सगळे बघत होता. "राहू दे रं ती," एवढेच तो पुटपुटला. का राहू दे, ते सांगितले नाही. बहिणीची गोष्ट त्याने मुलाला उभ्या जन्मात सांगितली नव्हती. मला तोंड नव्हते, त्याला तर होते!

मला पडवीत एका डब्यात टाकले. चार दिवसांनी, भर दुपारी, जमीन हलली.

धक्का लहानच होता. दोन कौले घसरली, एवढेच. पण आत नानासो आणि सून संयोगिता होती. तिने नवे हँडल दाबले. जीभ पट्टीत रुतून बसली होती. तिने दार उचलले, ओढले, काही उपयोग नाही. खिडक्यांना गज होते. मागचे दार तर बुजवलेलेच.

दिग्विजय अंगणातून धावत आला आणि बाहेरून खांदा देऊ लागला. तेवढ्यात आतून नानासोचा आवाज आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो म्हातारा दारावर दोन्ही हात आपटत ओरडत होता, "हौसा! कडी सोड, हौसा!"

"नाना कुनाला हाका मारतायत?" दिग्विजय बाहेरून विचारू लागला.

"ते मागनं बगू!" संयोगिता ओरडली. "धक्का द्यायचं थांबवा आदी!"

तिने वरवंटा आणला. बिजागऱ्यांचे खिळे आतल्या बाजूला होते. स्क्रूड्रायव्हर खालून लावून तिने एकेक खिळा वर ठोकून काढला. हाताची साल निघाली, तरी थांबली नाही. तिसरा खिळा निघाला तसे दार एका बाजूने सुटले. तिने ते आत ओढले आणि सासऱ्याला धरून बाहेर आणले.

अंगणात आल्यावर दिग्विजयने फोन काढला. "त्या दुकानदाराला सोडत न्हाई मी."

"त्याला कशाला वराडताय?" संयोगिता कडाडली. "माप तुमी घेतलं न्हाई. जोतीरामभाऊ न्हाई म्हनत हुता, ते ऐकलं न्हाई. अन् नाना, हौसा कोन?"

मग नानासो बोलला. बहीण, ती तिरकी चौकट, आवळलेली कडी, सगळे. दिग्विजयने फोन खिशात टाकला. "नाना, मला का न्हाई वं सांगितलं?"

"तोंडातनं निगत न्हवतं, पोरा."

दिग्विजय डब्यातून मला घेऊन आला आणि मला चौकटीला लावून बघू लागला. पण कोयंडाच उरला नव्हता. आता त्या दारावर जोतीरामने बसवलेला साधा, सैल अडसर आहे. तो नवा आहे, चांगला आहे, माझे त्याच्याशी वैर नाही. मी डब्यातच आहे आणि माझा राग निवलेला नाही.

मित्रांनो, जुने काढू नका, असे मी म्हणत नाही. पण काढण्याआधी विचारा, हे असे का केले होते? आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी गप्प बसू नये. आज घरी गेलात की आपल्या दाराची कडी स्वतःच्या हाताने आतून उघडून बघा. अडली, तर मोठ्यांच्या मागे लागा. "उद्या बघू" म्हणाले, तर जेवायला बसू नका.