पाहुणीला नाही म्हणायचं नसतं

एकोणीसशे ब्याण्णवच्या थंडीत रेवा पनवेलभर एक इंग्रज शोधत हिंडत होती. बाई असो वा बुवा, काळा असो वा गोरा, अट एकच: इंग्रजी आईच्या दुधाबरोबर प्यायलेलं माणूस हवं. रेवा एम.फिल. करत होती, विषय इंग्रजी वाक्यरचना. तिच्या मार्गदर्शक अरुंधतीबाईंनी तिला साफ सांगितलं होतं, "अमुक वाक्य बरोबर की चूक, हे तू ठरवायचं नाहीस आणि मीही नाही. आपण दोघी शिकलेल्या. जो ती भाषा कधी शिकलाच नाही, तिच्यात जन्मला, त्याच्या कानाला विचार. मार्चपर्यंत असा कान सापडला नाही, तर प्रबंध विसर."

या शास्त्रात वाक्याचं झाड काढतात. मूळ वर, फांद्या खाली, आणि शब्द टोकाला लोंबणाऱ्या फळांसारखे. जे वाक्य कानाला चालत नाही त्याच्यापुढे चांदणी काढतात. रेवाच्या कागदांवर झाडं भरपूर होती. त्यांवर चांदणी मात्र एकही उगवली नव्हती.

पनवेल हे व्यापाऱ्यांचं गाव. मागाल ते मिळतं, आणि नसलंच तर त्याच्यासारखं काहीतरी मिळतं. लोकांनी रेवाला कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सुचवल्या, त्या निघाल्या कोट्टायमच्या. एक डॉक्टर सुचवले. ते लंडनला सहा महिने राहिले होते आणि पुढची वीस वर्षं पनवेलात राहूनही अजून तिथून परतले नव्हते. रेवाचे वडील चारुदत्त बँकेत होते. ते म्हणाले, "इंग्रजी झाडणारे ढिगाने आहेत गं. इंग्रजीत जन्मलेलं कुठून आणायचं?"

हे संभाषण एस.टी. स्टँडवरून घरी येताना रिक्षात चाललं होतं. रिक्षावाल्याने मान वळवली.

"इंग्रज पायजे काय साहेब? आमच्या घरात एक हाय."

"कुत्रा का?" चारुदत्तांनी विचारलं.

"नाय. आई."

रिक्षावाल्याचं नाव शिवा. डोळे घारे. ते घारे डोळे पाहून चारुदत्तांनी त्याला मघाशीच मनातल्या मनात आपल्यांत जमा करून टाकलं होतं. आता ती नोंद खोडावी लागली. शिवा रोडपालीचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. त्याचे वडील काशिराम मालवाहू बोटीवर खलाशी होते, आणि पंचावन्न साली लिव्हरपूलहून येताना त्यांनी बायको आणली. डॉरिस तिचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं, चंद्रावती, आणि तेव्हापासून डॉरिसला कोणी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी बिस्किटांचा पुडा घेऊन रेवा रोडपालीला गेली. मागे मिठागरं, पांढऱ्या राशी, त्यांच्यावर दुपारचं ऊन इतकं स्थिर की वारासुद्धा पाय न वाजवता जात होता. पडवीत नऊवारी नेसलेली एक गोरी, सुरकुतलेली बाई बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"गुड आफ्टरनून, मॅडम," रेवा म्हणाली.

"ये गो पोरी. उन्हातानाची आलीस. वेणू, च्या ठेव. बस, बस." बाईने स्वतःच्या पदराने खुर्ची झाडली.

शिवाची बायको वेणू कपबशी घेऊन आली. मॅडम हा शब्द तिने ऐकला होता. तो तिला दिवसभर पुरला, कारण आत गेल्यावरही ती हसत होती.

रेवाने काम समजावलं. मी एक वाक्य वाचीन, तुमच्या कानाला चालतं की नाही एवढंच सांगायचं. चंद्रावतीने मान डोलावली. रेवाने वाचलं, "हू डू यू थिंक केम?"

"चालंल की."

"हू डू यू थिंक दॅट केम?"

हे वाक्य पुस्तकांच्या मते उभंच राहू शकत नव्हतं. चंद्रावतीने क्षणभर मिठागराकडे पाहिलं.

"त्ये पन चालंल."

संध्याकाळपर्यंत सगळं चाललं. मोडकी वाक्यं चालली, उलटी चालली, रेवाने हट्टाने शब्द पत्त्यांसारखे पिसून केलेलं एक वाक्य होतं, तेही "बरं हाय" म्हणून पास झालं. रेवा हरखून घरी गेली. कान मिळाला होता. पण कान मिळाला म्हणजे उत्तर मिळालं, हा हिशेब तिने घाईने मांडला होता.

अरुंधतीबाईंनी कागद चाळले. "सगळंच बरोबर? म्हणजे इंग्रजीत चूक करताच येत नाही, असा तुझा शोध आहे का?"

"त्या तिकडेच जन्मलेल्या आहेत, मॅडम."

"असतील. पण ही माहिती नाही, हा पाहुणचार आहे."

बाई हे टोमणा म्हणून बोलल्या होत्या. रेवाच्या डोक्यात ते घोळत राहिलं. पुढच्या वेळी ती गेली तेव्हा चंद्रावती मागच्या दारी वेणूवर करवादत होती, "नाय गो, असं नाय. किती येला सांगू? नाय म्हनते ना." आणि रेवाला पाहताच आवाज साखरेत घोळला. "ये गो पोरी."

वेणू भांडी घासायला गेली तशी रेवा तिच्यामागे गेली. "तुमच्या सासूबाई नाही कधी म्हणतात हो?"

"आमाला? दिवसभर म्हन्तात."

"मग मला का नाही म्हणत?"

वेणूने तिच्याकडे असं पाहिलं, की एवढी शिकलेली आणि एवढं कळत नाही. "तुमी पावनी. दारात आलेल्याला नाय म्हनू नये, असं लगीन झाल्या झाल्या आमच्या आजेसासूने तिला शिकवलेलं. आमी कधीमधी इसरतो. ती भायेरून आलेली, ती नाय इसरत."

तिथे दगडावर उभ्या उभ्या रेवाला सगळा जमाखर्च उमगला. इंग्रजी वाक्याला इंग्रजी बाईचा नकार हवा असेल, तर आधी रोडपालीच्या घरात पाहुणी असणं संपवायला हवं. पुढच्या रविवारी ती बिस्किटं न घेता गेली, मॅडम म्हणायचं सोडून आजी म्हणाली, आणि खुर्ची बाजूला सारून जमिनीवर बसली. चंद्रावतीसमोर सुपात सुकवलेला जवळा होता, इवल्याशा कोलंबीचा गुलाबी ढीग. त्यातला कचरा निवडायचा होता. रेवाने हात घातला. तिच्या घरात लसूणसुद्धा चातुर्मासात बंद असे.

घरी आल्यावर आई रमाने तिचा हात हुंगला. "विद्यापीठात आता हेही शिकवतात का?"

"हो. प्रात्यक्षिक असतं."

"बापाला सांगू नकोस. आणि तो हात देव्हाऱ्याकडे नेऊ नकोस."

तीनचार रविवार असे गेले. खुर्ची आता झाडली जात नव्हती. एका दुपारी, ऊन पडवीत अर्धं आत आलेलं, बगळे मिठागराच्या बांधावर उभ्या उभ्या डुलक्या घेत होते, आणि रेवा अर्धवट झोपेत निवडत होती. ओठांवर आलं म्हणून तिने नुसतंच वाक्य म्हटलं, "हू डू यू थिंक दॅट केम?"

"नाय," चंद्रावती मान वर न करता म्हणाली. "असं कोन बोलंल? आनि तो खडा बघ, तुझ्या हाताखाली हाय. डोले कुटं हायेत तुझे?"

रेवाला खडा दिसला नाही. तिला चांदणी दिसली.

त्यानंतर नकार येत गेले. जवळा निवडताना, मीठ चाळताना, भिंतीला टेकून. चंद्रावती नुसतं नाय म्हणून थांबत नसे. "हे माजा बाप बोलंल, पिऊन आला तर." "हे शालेतली बाई बोलंल, आमी नाय." "हे नाय. हे कोनीच नाय, मेलेलं मानूसपन नाय." रेवाच्या कागदांवर चांदण्या उगवू लागल्या. परतीच्या वाटेवर, शिवाच्या रिक्षात डोळे मिटले की तिला मिठागरांवर उलटी झाडं लोंबताना दिसत, मुळं आभाळात, आणि फांदीच्या टोकांना लिव्हरपूलचा एक दारुडा बाप, एक शाळेतली बाई, बंदरावरचं धुकं. एका ओळीखाली इतकी माणसं राहतात, हे कुठल्या पुस्तकाने तिला सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारी संपत आला. सोपी वाक्यं झाली होती. उरली होती ती अवघड, लांबलचक, वाक्याच्या पोटात वाक्य असलेली. रेवाचं शेवटचं प्रकरण त्यांच्यावरच उभं राहणार होतं, आणि अरुंधतीबाईंच्या मते 'ए' श्रेणी मिळायची तर त्या प्रकरणावरच मिळणार होती.

त्या रविवारी वेणूने तिला दारातच गाठलं. "काय करता तुमी तिला? रातची बोलते. आमाला समजत नाय असं बोलते. परवा अंगनात उबी राहून कोंबड्यांना इंग्लिशमदी वरडली. पोरं घाबरली ना."

चंद्रावती पडवीत होती. कुंकू लावायचं राहिलं होतं. रेवाने कागद काढला तशी ती म्हणाली, "आज नको."

"बरं नाही का, आजी?"

"बरी हाय. पन माजी आई येते सपनात. जुन्या नावानं हाक मारते. मी ओ देते. सकालला उटले का चंद्रावती कुटं ठेवली ती सापडत नाय. दुपार होते सापडंपावेतो." तिने हात सुपावरून फिरवला. "सदतीस वरसं लागली गो मना हितली व्हायला. पुरे आता."

"थोडीच राहिलीत हो. दोन रविवारांत संपतील."

"नाय."

"एवढी एक पानभर तरी..."

"नाय म्हनले ना, रेवा."

आवाजात राग नव्हता. वेणूला म्हणे तसाच तो नकार होता, घरच्या माणसाला देतात तसा. रेवा ज्याच्यासाठी इतके दिवस जवळा निवडत होती, तोच हा. त्याच्याएवढा स्वच्छ नकार तिच्या एकाही कागदावर नव्हता.

रेवा हिशेबात कच्ची नव्हती. एक वाट उघडी होती, आणि ती तिला लगेच दिसली. चारआठ दिवस जाऊ द्यायचे. मग चांगली साडी नेसून, बिस्किटांचा पुडा घेऊन दारात उभं राहायचं, मॅडम म्हणायचं, अरुंधतीबाईंनाही बरोबर आणायचं. चंद्रावती पदराने खुर्ची झाडेल. पाहुण्यांना ती नाही म्हणणार नाही, बसेल बिचारी कान देऊन, आणि एकदा कानात पडलं की चेहऱ्यावर उमटेलच काय चालतं आणि काय नाही. रेवा आता तिचा चेहरा वाचायला शिकली होती. प्रकरण पुरं झालं असतं.

तिने कागद घडी करून पिशवीत टाकला. "आजी, तुमचं कुंकू राहिलंय."

"आन ना मंग. कोनाड्यात हाय."

मार्चमध्ये अरुंधतीबाईंनी प्रबंध उलटसुलट पाहिला. "शेवटचं प्रकरण?"

"त्यांनी नाही म्हटलं, मॅडम."

"मग पुन्हा विचार. थोडं गोड बोलून."

"गोड बोललं तर त्या हो म्हणतील. म्हणून नाही विचारलं."

अरुंधतीबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. मग अनुक्रमणिकेतल्या शेवटच्या ओळीवर रेघ मारली आणि खाली सही केली. "'बी' मिळेल," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे रडत येऊ नकोस."

'बी'च मिळाला. निकाल सांगायला रेवा रोडपालीला गेली तेव्हा भर दुपार होती. चंद्रावती पडवीत चटईवर झोपली होती, एक हात उशाला, आणि तिचे ओठ हलत होते. रेवा चप्पल काढून तिच्या शेजारी बसली. काय बोलत होती, कुठल्या भाषेत, ते ऐकायला ती वाकली नाही. पदर उन्हात गेला होता, तेवढा तिने सावलीत ओढून घेतला.